कूरसचा रहाट आणि बाबांचा पंप

स्कॉटलंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? धुक्यातले किल्ले, बॅगपाइप, चौकडीचा किल्ट घातलेले पुरुष आणि अर्थातच व्हिस्की. एडिनबरोत माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हीच यादी खिशात घेऊन विमानातून उतरतो. यादी वाईट नाही, पण तिच्यात फोटो जास्त आणि गप्पा कमी. म्हणून हाताशी एकच मोकळा शनिवार असला की मी हल्ली एक वेगळंच नाव सुचवते. फोर्थ नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या काठावर, फाइफ परगण्यात, जेमतेम चारशेच्या आसपास वस्तीचं एक गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचाल तर ‘कल्रॉस’ म्हणाल. म्हणायचं मात्र ‘कूरस’. मधला ‘एल’ गावकरी सरळ गिळून टाकतात. आपल्या देवनागरीत हा प्रॉब्लेमच नाही, जसं बोलतात तसं लिहून मोकळं व्हायचं!

टीव्ही सिरियलवाल्यांना हे गाव पाठ आहे. ‘आउटलॅण्डर’मधलं क्रेन्समुअर ते हेच. खडबडीत दगडी गल्ल्या, पांढरी-पिवळी बुटकी घरं, लाल कौलं, खिडक्यांना छोट्या छोट्या काचा. कॅमेरा कुठेही धरा, फ्रेम सहीच येणार.

2025 च्या मे महिन्यात मी बाबांना घेऊन तिथे गेले. बाबा चंद्रपूरकडचे. आयुष्याची अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिकडच्या एका अंडरग्राउंड कोळसा खदानीत पंप खलाशी म्हणून काढली. खाली साचणारं पाणी वर उपसत राहणं हे त्यांचं काम. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडे सहा आठवड्यांसाठी आले होते. मी इथे एका पवनऊर्जा कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे बापाचा कोळसा, लेकीचा वारा! आमच्या घरात खदानीबद्दल बोलायची पद्धत नव्हती. ड्यूटीवरून आले की बाबा आंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे. पावसाळा हा माझ्यासाठी ‘बाबा घरी नसण्याचा’ ऋतू होता, कारण पाऊस वाढला की त्यांची डबल शिफ्ट लागायची. त्यांच्या तोंडी ‘संप भरला’ असं सारखं यायचं. तो संप म्हणजे हरताळ नव्हे, खदानीच्या तळाशी पाणी गोळा होण्याचा खड्डा. माझी त्यांच्या कामाशी ओळख तेवढीच. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘तू अभ्यास कर.’

कूरस निवडताना माझ्या डोक्यात कोळसा होताच. तो त्या गावात किती खोलवर आहे ते मात्र तिथे गेल्यावर कळलं.

पिवळा पॅलेस

गावात शिरलात की पहिला दिसतो पॅलेस. नावावर जाऊ नका, इथे कुठलाही राजा राहत नव्हता. हे एका व्यापाऱ्याचं घर. सर जॉर्ज ब्रूस हा त्याचा मालक. भिंती अशा भडक पिवळ्या की स्कॉटलंडच्या करड्या आभाळाखाली पिठलं सांडल्यासारख्या दिसतात. आत बुटकी दारं, पाइनच्या लाकडी छतांवर चारशे वर्षांपूर्वीची रंगीत चित्रं. मागे डोंगराच्या उतारावर भाज्या आणि औषधी वनस्पतींची बाग आहे. तिथे आखूड पायांच्या स्कॉट्स डम्पी जातीच्या कोंबड्या फिरत असतात. बाबांना सगळ्यात आधी आवडल्या त्या कोंबड्याच.

वर पाहिलंत तर दगडात कोरलेली अक्षरं दिसतील. एका ठिकाणी जॉर्ज ब्रूसची आद्याक्षरं आणि 1597. दुसरीकडे तीच आद्याक्षरं, पण पुढे ‘सर’चं अक्षर वाढलेलं आणि साल 1611. मधल्या काळात साहेबांना प्रमोशन मिळालं होतं, म्हणजे सरदारकी. आजच्या भाषेत लिंक्डइन अपडेट म्हणा ना!

हा पैसा आला कुठून? कोळशातून. गावावर टेकडी आहे, तिथे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ होता. 1217 साली स्थापन झालेला. कोळसा खणायला सुरुवात त्या साधूंनी केली. वरवरचा कोळसा संपला आणि राहिलेल्या थराने खाडीच्या पाण्याखाली बुडी मारली. 1575 मध्ये ब्रूसने ही बंद पडलेली खाण भाडेपट्ट्याने घेतली आणि आजही डोकं चक्रावेल असं काहीतरी केलं. त्याने किनाऱ्यापासून आत, भरतीला जिथे पाणी चढतं अशा जागी, दगडांचा एक गोल बुरूज उभारला आणि त्याच्या पोटातून थेट समुद्रतळाखाली विहीर खणली. या बुरुजाला म्हणायचे मोट पिट. खालचा कोळसा वर आला की बुरुजाला लागलेल्या जहाजात थेट भरायचा. ट्रान्स्पोर्टचा खर्चच नाही.

पॅलेसमध्ये माहिती सांगायला स्वयंसेवक असतात. आम्हाला भेटल्या त्या पांढऱ्या केसांच्या आजी होत्या. त्या उत्साहाने सांगत होत्या आणि मी बाबांसाठी मराठीत भाषांतर करत होते. समुद्राखालच्या खाणीचं नाव निघाल्याबरोबर बाबांनी मला मध्येच थांबवलं.

‘पाणी कसं काढत होते, ते विचार.’

आजींचे डोळे चमकले. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नसावं. त्यांनी सांगितलं की खाणीवर ‘इजिप्शियन व्हील’ होतं. एका साखळीला छत्तीस बादल्या. अठरा रिकाम्या खाली जाणार, अठरा भरून वर येणार, आणि हे सगळं फिरवायला तीन घोडे. 1618 मध्ये जॉन टेलर नावाचा इंग्रज कवी इथे येऊन गेला, त्याने हे यंत्र पाहून वर्णन लिहून ठेवलं आहे.

मी भाषांतर करायच्या आत बाबा आजींच्या हातांच्या हालचालीवरूनच समजले होते. ‘हे तं रहाटगाडगं आहे!’ ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाजूच्या अमेरिकन कुटुंबाने वळून पाहिलं. ‘आपल्या आबाच्या विहिरीवर होतं ना, तेच. फक्त समुद्रावर लावलं भाऊनं.’

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारायला लावला, ‘रात्री कोण चालवत होतं?’

आजींना प्रश्न नीट कळला नाही. बाबांनी मला समजावून सांगितलं आणि मी आजींना. कोळसा काढणाऱ्याची पाळी संपते, बेटा, पाण्याची संपत नाही. पाणी रविवारी येते, दिवाळीला येते. घोडे बदलायला, साखळी तुटली तर जोडायला, बादल्यांवर नजर ठेवायला कुणीतरी रात्रभर हवंच. तो कोण?

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘असणारच कुणीतरी. पण त्यांची नावं माझ्या तरी माहितीत नाहीत.’

मधली चौदा वर्षं

पॅलेसच्या दगडावरच्या दोन तारखा लक्षात ठेवा, 1597 आणि 1611. या दोन तारखांच्या मध्ये, 1606 साली, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने एक कायदा केला. कोळसा खाणीत आणि मिठागरात काम करणाऱ्या माणसाने मालकाच्या दाखल्याशिवाय दुसरीकडे काम धरायचं नाही. धरलं तर जुना मालक वर्षभराच्या आत त्याला ओढून परत नेऊ शकतो, आणि पळालेला माणूस चोर. त्याने काय चोरलं? तर स्वतःला! राजीनामा, नोटीस पीरियड, काउंटर ऑफर या गोष्टींवर चहाच्या टेबलाशी तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ही वेठबिगारी पूर्ण संपायला 1799 उजाडलं. जवळपास दोनशे वर्षं.

बागेतल्या बाकावर बसून मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते कोंबड्यांकडे बघत ऐकत होते. ‘म्हणजे मुकादमानं सोडलं तरच सुटका,’ एवढंच म्हणाले.

पॅलेसमधून बाहेर पडलात की दोन मिनिटांवर टाउन हाउस आहे. 1626 ची इमारत, वरचा घड्याळाचा मनोरा 1783 चा. दिसायला एकदम गोड. खालच्या मजल्यावर तुरुंग होता आणि चेटकीण ठरवलेल्या बायकांना माळ्यावर कोंडत. समोर थॉमस कॉक्रेन या दर्यावर्दी सेनानीचा अर्धपुतळा आहे. त्याचं बालपण याच गावात गेलं. पुढे चिली आणि ब्राझील या देशांची आरमारं त्याने उभी केली. त्याच्या वडिलांची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. या नवव्या अर्ल ऑफ डंडोनल्डने 1781 मध्ये कोळशापासून डांबर काढायचं पेटंट घेतलं. जहाजांच्या बुडाला लावायला हे डांबर खपेल असा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकला आणि घराणं कंगाल झालं. स्टार्टअप बुडण्याची परंपरा जुनीच आहे तर!

तवा आणि हातोडा

टाउन हाउसवरून चढाच्या गल्लीने वर गेलात की चौकात मर्कट क्रॉस लागतो. माकडाचा काही संबंध नाही, स्कॉट्स भाषेत मर्कट म्हणजे मार्केट. बाजार इथे भरायचा, दवंडी इथेच पिटायची. बाजूलाच ‘द स्टडी’ नावाचं सतराव्या शतकातलं घर आहे, वर छोटी मनोऱ्यासारखी खोली असलेलं. पण आपण वर नाही, खाली बघायचं. गल्लीच्या मधोमध जरा मोठ्या, सपाट दगडांचा उंच पट्टा आहे. बड्या लोकांनी त्या पट्ट्यावरून चालायचं आणि बाकीच्यांनी कडेच्या उतारावरून, जिथून सांडपाणी वाहायचं. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते आपसूकच मधल्या सपाट पट्ट्यावरून चालत होते. मी त्यांना पट्ट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पायाखाली पाहिलं, हसले आणि तसेच मधूनच चालत राहिले.

याच गावाची दुसरी खासियत म्हणजे तवा. खरंच! स्कॉटलंडमध्ये ओटच्या पिठाच्या भाकऱ्या आणि स्कोन भाजायला लोखंडी सपाट तवा वापरतात, त्याला म्हणतात ‘गर्डल’. तो घडवण्याचा एकाधिकार 1599 मध्ये राजा सहाव्या जेम्सने कूरसच्या लोहारांना दिला. गावभर हातोड्यांचा आवाज, मिठागरांच्या भट्ट्यांचा धूर, धक्क्याला लागलेली जहाजं. समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायचं तर एका टनामागे कित्येक टन कोळसा लागायचा. आज इतक्या शांत दिसणाऱ्या या गावात तेव्हा श्वास घ्यायलाही त्रास होत असेल. पुढे 1759 मध्ये फॉलकर्कजवळ कॅरन कंपनीचा कारखाना निघाला, ओतीव लोखंडाचे स्वस्त तवे बाजारात आले आणि घडीव तव्याचा धंदा बसला.

टॅनहाउस ब्रे नावाची चढण चढून वर गेलात की मठ येतो. अर्धा भाग पडका, अर्ध्या भागात गावाचं चर्च. आवारातल्या जुन्या थडग्यांवर नीट बघा. काहींवर हातोडा कोरलाय आणि हातोड्यावर मुकुट. ही लोहारांच्या संघाची खूण. आत गेलात की दिसतं सर जॉर्जचं स्मारक. तो आणि त्याची बायको दगडात निजलेले आणि समोर त्यांची आठ मुलं गुडघे टेकून रांगेत. सर जॉर्जचा पुतण्या एडवर्ड 1613 मध्ये द्वंद्वयुद्धात परदेशात मारला गेला, तर त्याचं हृदय चांदीच्या डबीत घालून इथे आणून पुरलं. 1808 मध्ये ती डबी सापडली.

बाबांनी ती सगळी रांग शांतपणे पाहिली. मग बाहेर येऊन हातोड्याच्या थडग्यापाशी उभे राहिले. ‘लोहाराचं बरं आहे,’ म्हणाले. ‘त्याच्या हातात दाखवायला काहीतरी राहते. तवा राहते. पंपवाल्याचं काम म्हणजे सकाळी खाली काहीच दिसलं नाही पाहिजे. पाणी नाही दिसलं की समजायचं, रात्री कोणीतरी जागलं.’

अठ्ठावीस वर्षांचं काम त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं, तेही चार वाक्यांत.

गरिबीने वाचवलेलं सौंदर्य

मोट पिटचं पुढे काय झालं? असं सांगतात की 1617 मध्ये खुद्द राजा जेम्स खाण बघायला आला. किनाऱ्यावरून खाली उतरला आणि बाहेर निघाला तो थेट समुद्रातल्या बुरुजावर, चहूबाजूंनी पाणी! घाबरून ‘दगा, दगा’ ओरडला म्हणे. शेवटी ब्रूसने बाजूला बांधलेली होडी दाखवली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. आठ वर्षांनी, मार्च 1625 मध्ये, प्रचंड वादळ आलं. समुद्र बुरुजावरून आत शिरला आणि खाण बुडाली ती कायमची. त्याच वर्षी सर जॉर्जही गेला.

तवे, मीठ, कोळसा, एकेक करून सगळं सुटत गेलं. गाव गरीब झालं. आणि इथेच कूरसच्या देखणेपणाचा खरा फण्डा आहे. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसेच नव्हते, म्हणून जुनं उभं राहिलं. 1932 मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने पॅलेस विकत घेतला तो अवघ्या 700 पौंडांना. आज आपण ज्याला ‘क्यूट’ म्हणून फोटो काढतो, ती तीनशे वर्षांची मंदी आहे.

शेवटी आम्ही धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. चिखलातून मोट पिटचे दगड डोकं वर काढतात ती हीच वेळ. खाडीच्या पलीकडे ग्रेंजमथ दिसतं. तिथल्या रिफायनरीने 1924 पासून चाललेलं तेल शुद्ध करण्याचं काम एप्रिल 2025 मध्ये थांबवलं होतं, आमच्या फेरीच्या काही आठवडे आधी. शेजारच्या रसायनांच्या प्लांटमधून वाफ येत होती. अलीकडच्या काठावर पश्चिमेला लाँगॅनेट. तिथलं वीज केंद्र म्हणजे स्कॉटलंडमधलं कोळशावर चालणारं शेवटचं, मार्च 2016 मध्ये बंद झालं आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये त्याची 183 मीटर उंच चिमणी सुरुंग लावून पाडली. त्याला कोळसा पुरवणारी खाण ही स्कॉटलंडमधली शेवटची खोल खाण. ती कशाने बंद पडली माहीत आहे? 2002 मध्ये खाली अचानक पाणी घुसलं. पहिली पाण्यात बुडाली आणि शेवटचीही पाण्यातच!

हे ऐकून बाबा बराच वेळ बोलले नाहीत. वाळूतून एक काळा तुकडा उचलून त्यांनी अंगठ्याने घासला, वजन बघितलं. ‘चांगला आहे. आपल्याच्यात राख जास्त निघते.’ मग समुद्राकडे बघत त्यांनी मला एका जुलैची रात्र सांगितली. वर वीज गेली, खाली पंप बंद पडले, पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. खालच्या पाळीची माणसं वर निघाली आणि पंपवाले मागे थांबले. पहाटे पंप सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज ऐकून त्यांचा जोडीदार रडला होता. त्या सकाळी बाबा घरी आले, आंघोळ केली, जेवले आणि झोपले. मी तेव्हा चौथीत होते. त्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता म्हणे. आईला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ‘काहून सांगायचं? दुसऱ्या रात्री परत जायचंच होतं ना.’

माझ्या ऑफिसात आम्ही समुद्रातल्या पवनचक्क्यांचे आकडे स्क्रीनवर पाहतो. कुठली फिरतेय, कुठली थांबलीय. रात्री अलार्म वाजला की कुणीतरी लॅपटॉप उघडतं. त्या संध्याकाळी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. ‘म्हणजे तूही पंपावरच आहेस.’ माझ्या करिअरचं इतकं नेमकं अप्रेझल आजवर कुठल्याच मॅनेजरने केलेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर सोपं आहे. एडिनबरोहून ट्रेनने डनफर्मलिन, पुढे बस. बूट जाड तळव्याचे घाला, ते दगड पायाचा हिशेब करतात. पॅलेस हिवाळ्यात बहुतेक बंद असतो, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान जा आणि ओहोटीची वेळ बघून निघा. जमलं तर सोबत असा कुणी घ्या ज्याने आयुष्यभर हाताने काम केलंय. तो विचारेल ते प्रश्न गाइडबुकात नाहीत.

बाबा आता परत चंद्रपुरात आहेत. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल होतो आणि मी वही उघडून बसते. सुरुवात पाच एचपीच्या पंपापासून झाली आहे. पंचाहत्तर एचपीपर्यंत यायला अजून बरेच रविवार लागतील.